टू पाय रूट एल बाय जी

होमवर्कला मदत या नावाखाली आपल्याकडे जे काही चालतं त्याला मदत म्हणणं मी सोडून दिलं आहे. आज त्यावरच लिहितोय, आणि जरा चिडून लिहितोय, तेव्हा सांभाळून घ्या. विषय बारावीचं फिजिक्स, त्यातही ऑसिलेशन्स आणि वेव्हज्. बाकीच्या धड्यांत फार वेगळी परिस्थिती असेल असं नाही, पण या दोन धड्यांत रोग अगदी उघड्यावर दिसतो.

मुलं अडली की प्रश्न एकच विचारतात: "फॉर्म्युला कुठला लावायचा?" आणि आपण सगळे, म्हणजे क्लासचे सर, गाईडवाले, शेजारचे इंजिनियर काका, इमानेइतबारे त्याच प्रश्नाचं उत्तर देतो. हल्ली त्यात फोनमधल्या एआयची भर पडली आहे. गणिताचा फोटो काढायचा, चार सेकंदांत सगळ्या स्टेप्ससकट उत्तर हजर. लोक मला विचारतात की तू सॉफ्टवेअरवाला, या एआयने मुलं बिघडणार का? अहो, गाईडने बिघडून झाली की! एआयने नवीन काहीच केलेलं नाही. पूर्वी गाईडमधलं पान शोधायला जी पाच मिनिटं लागायची तेवढी वाचवली, बस्स. चुकीच्या प्रश्नाला बरोबर उत्तर देण्याचा धंदा जुनाच आहे.

माझी भाची नाशिकला बारावीला आहे. हुशार आहे, मामा म्हणून सांगत नाही. दर रविवारी तिचा व्हिडिओ कॉल असतो, आणि गेल्या काही महिन्यांत कॉलची सुरुवात ठरलेली: "मामा, तेवढा फॉर्म्युला सांग ना, बाकी मी करते." एकदा गणित होतं की लंबकाची लांबी चौपट केली तर आवर्तकाल किती पट होईल. हे तिचं तिलाच आलं. टू पाय रूट एल बाय जी, चाराचं वर्गमूळ दोन, उत्तर दुप्पट. दहा सेकंदांत. मी म्हटलं, शाब्बास, आता लांबी तीच ठेव आणि खालचा गोळा दुप्पट जड कर. "काही फरक नाही, फॉर्म्युल्यात एम नाहीये." हेही बरोबर. मग मी विचारलं की का नाहीये?

शांतता. मग म्हणाली, "का म्हणजे काय मामा, नाहीये म्हणजे नाहीये."

मी विषय बदलला. सोसायटीच्या बागेतल्या झोक्यावर आधी तू बसलीस आणि मग आजोबा बसले, तर कुणाचा झोका सावकाश जाईल? क्षणाचाही विचार न करता उत्तर आलं: "ऑफकोर्स आजोबांचा. जड आहेत ना!"

माझं सगळं भांडण या दोन वाक्यांमधल्या अंतराशी आहे. एकाच डोक्यात दोन फिजिक्स. एक वहीतलं, ज्यात वजनाने फरक पडत नाही कारण अक्षर नाही. दुसरं बागेतलं, ज्यात जड ते सावकाश. दोघांची कधी गाठच पडत नाही. पडू नये अशी व्यवस्था आपण करून ठेवली आहे, कारण वहीतलं उत्तर बरोबर आलं की त्याच क्षणी मदत संपते. मार्क पूर्ण, गणित पूर्ण, आणि झोका आपला बागेत तसाच.

(झोक्याचं उत्तर: बसण्याची पद्धत सारखी धरली तर दोघांना जवळपास सारखाच वेळ लागतो. फरक पाडायचा असेल तर झोक्यावर उभं राहा. शरीराचा भार वर सरकतो, लंबक आखूड झाल्यासारखा होतो आणि झोका लवकर परत येतो. हे लहानपणी आपण सगळ्यांनी केलेलं आहे, पण ते फिजिक्स आहे असं आपल्याला कुणी सांगितलं नाही.)

आता एम का नाही ते बघा. दोन वाक्यांचं काम आहे. गोळा दुप्पट जड केला की त्याला मध्याकडे ओढणारं बल दुप्पट होतं, कारण ते बल म्हणजे त्याचंच वजन. पण हलायला तो दुप्पट कुरकुरतो, कारण जडत्वही दुप्पट. फिट्टंफाट. स्प्रिंगला वजन टांगून आडवं हलवलं की हे होत नाही, कारण स्प्रिंगची ओढ स्प्रिंगच्या स्वभावावर ठरते, टोकाला काय बांधलंय याची तिला फिकीर नाही. जडत्व वाढलं, ओढ तेवढीच, मग वेळ जास्त लागणारच. म्हणून तिथे टू पाय रूट एम बाय के, आणि एम वर आहे. वर जडत्व, खाली परत ओढणारी ताकद. एवढं कळलं की गाईडमधली ती डझनभर सूत्रांची चौकट (लिफ्ट वर जाताना, लिफ्ट खाली येताना, दोन स्प्रिंगा शेजारी शेजारी, दोन स्प्रिंगा एकापुढे एक...) एकाच वाक्यात बसते. पुढे सर्किटमध्ये टू पाय रूट एलसी येतं, तिथेही तोच खेळ आहे, फक्त जडत्वाचं काम कॉइल करते आणि ओढीचं काम कपॅसिटर.

पण हे सांगायला वेळ कुणाला आहे? सूत्रांची चौकट छापायला सोपी आणि विकायला त्याहून सोपी.

हे फक्त आपल्याकडचं दुखणं आहे असं मात्र समजू नका. हार्वर्डमध्ये फिजिक्स शिकवणारे एरिक माझुर यांनी १९९० च्या सुमारास आपल्या मुलांना साध्या, आकडेमोड नसलेल्या प्रश्नांची एक चाचणी दिली. मुलं कोणती, तर अवघड गणितं सहज सोडवणारी. तेव्हा वर्गातून प्रश्न आला की याची उत्तरं तुम्ही शिकवलंत तशी द्यायची की आम्हाला खरं वाटतं तशी? माझुर यांनी त्यानंतर शिकवायची पद्धतच बदलली. आमच्या भाचीने तोच प्रश्न फक्त विचारला नाही इतकंच. तिला माहीतच आहे की वहीत कुठलं उत्तर लिहायचं आणि खरं कुठलं मानायचं.

लाटांच्या धड्यात तर हे फारच मजेशीर होतं. कपडे वाळत घालायची दोरी घ्या, एक टोक खिडकीच्या गजाला बांधा, दुसरं हातात धरून एक झटका द्या. एक उंचवटा दोरीवरून पळत जाऊन गजाला धडकतो. आता तो उंचवटा गजापर्यंत लवकर पोचवायचा आहे, तर काय कराल? मेरीलँड विद्यापीठातल्या विटमन, स्टाइनबर्ग आणि रेडिश यांनी अशाच प्रश्नाबद्दल १९९९ साली लिहिलं आहे. बऱ्याच मुलांचं उत्तर होतं की हात जोरात किंवा भरभर हलवायचा. चूक. हात कसाही हलवा, उंचवट्याचा आकार बदलेल, वेग नाही. वेग ठरतो दोरी किती ताणली आहे आणि मीटरला किती जड आहे यावर. ताण चौपट करा, वेग दुप्पट होईल. मी हाच प्रश्न आमच्या सोसायटीतल्या पाच-सहा पोरांना विचारून पाहिला. सगळ्यांना रूट टी बाय म्यू पाठ, आणि सगळे म्हणाले हात जोरात हलवायचा. एकाने तर आधी सूत्र म्हणून दाखवलं आणि मग हात जोरात हलवायला सांगितलं. :-)

त्यात अक्षरांचा घोळ वेगळाच. टी म्हणजे आवर्तकाल, टी म्हणजे दोरीतला ताण, आणि आवाजाच्या वेगाकडे वळलात की टी म्हणजे तापमान. के म्हणजे स्प्रिंगचा ताठरपणा, आणि पुढच्याच धड्यात साइन केएक्स मायनस ओमेगा टी मधला के म्हणजे लाटांची दाटी. व्हेरिएबलला अशी नावं देणाऱ्या पोराचा कोड आमच्या हापिसात रिव्ह्यूला पास होणार नाही. पण मुलं हे निमूट सहन करतात, कारण त्यांच्या दृष्टीने ती कुठल्याच गोष्टीची नावं नाहीत. नुसती अक्षरं आहेत, जागेवर बसवायची. मला कितीदा तरी असं दिसलंय की अडलेलं गणित अवघड नसतंच, पोराने फक्त आवर्तकालाच्या जागी ताण भरलेला असतो. फोटो काढून उत्तर मिळालं की उत्तर दुरुस्त होतं. हा घोळ कुठे दुरुस्त होतो?

आणि प्रॅक्टिकल! ज्युनियर कॉलेजचं फिजिक्स जर्नल ही महाराष्ट्रातल्या काल्पनिक साहित्याची एक समृद्ध शाखा आहे. सोनोमीटर असो, रेझोनन्स ट्यूब असो, पद्धत तीच. आधी उत्तर बघायचं, मग उलटी आकडेमोड करून रीडिंग 'बसवायची', शेवटच्या अंकात थोडी खळबळ ठेवायची म्हणजे खरं वाटतं. आमच्या धंद्यात टेस्ट पास व्हावी म्हणून उत्तर थेट कोडमध्ये लिहून टाकणाऱ्याला आम्ही शिव्या घालतो. इथे त्याला सही आणि मार्क मिळतात.

म्हणून त्या रविवारी मी भाचीला सूत्र सांगायला साफ नकार दिला. म्हटलं, दोरा आण, एखादा जड नट आण, गॅलरीच्या गजाला बांध. गाठीपासून नटच्या मध्यापर्यंत बरोबर एक मीटर. थोडासाच बाजूला ओढून सोड आणि फोनच्या स्टॉपवॉचवर २० फेऱ्या मोज. पुस्तकाप्रमाणे ४० सेकंदांना एखादा दशांश जास्त यायला हवा. हे मी तिला सांगितलं नव्हतं.

तिला ३८ सेकंद आले. त्यावरून जी काढला तर १०.९.

"चुकलं वाटतं. मी ९.८ च लिहून टाकते," ती म्हणाली. अगदी सहज. खोटं बोलतोय अशी छटासुद्धा नाही. शाळेपासून तेच शिकवलंय ना, की तू मोजलेलं आणि पुस्तकातलं यात फरक पडला तर चूक तुझी, आणि दुरुस्ती म्हणजे खोडरबर.

मी म्हटलं, पुन्हा मोज. पुन्हा ३८. तिसऱ्यांदाही ३८. आता मात्र ती वैतागली. एकदा चुकलं तर समजू शकतो, पण तीनदा तीच चूक? तोवर मागून आमच्या भगिनीचा आवाज: "दादा, सांगून टाक ना रे तिला काय ते. उद्या क्लासची टेस्ट आहे, अख्खा धडा राहिलाय." बहिणीचं खोटं नव्हतं. तिथे हो म्हणणं सगळ्यात सोपं होतं, आणि मलाही चहा प्यायचा होता. पण मी फक्त एवढंच म्हटलं की मोजताना मोठ्याने मोज, मला ऐकू येऊ दे.

तिने नट सोडला, घड्याळ चालू केलं आणि म्हणाली, "एक."

आणि थांबली. मग हसायलाच लागली. सोडताना 'एक' म्हटलं तर 'वीस' म्हणेपर्यंत फेऱ्या १९ च होतात! आमच्या धंद्यात याला ऑफ बाय वन म्हणतात, आणि वीस-वीस वर्षं कोड लिहिणारे लोकही ती करतात. तिने शून्यापासून मोजलं. ४० आणि वर थोडं. जी ९.८. यात पाऊण तास गेला, आणि तो पाऊण तास तिच्या वर्षभराच्या फिजिक्समधला सगळ्यात उपयोगी होता असं माझं ठाम मत आहे. कारण चूक सापडली ती तिला, आणि ती 'मला फिजिक्स येत नाही' ही नव्हती. मोजणी शून्याऐवजी एकापासून सुरू केली, ही होती. हा फरक साधा नाही. चांगले मार्क असलेली कितीतरी पोरं 'आपल्याला यातलं काही कळत नाही' हे गुपित पोटात ठेवून बारावी पार करतात आणि मग आयुष्यभर फिजिक्सचं नाव काढत नाहीत. मार्क मिळाल्यामुळे ते गुपित कुणाला कळतही नाही.

पुस्तकाशी न जुळणाऱ्या रीडिंगबद्दल अजून एक सांगतो. १६७२ साली ज्याँ रिशे नावाचा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ दक्षिण अमेरिकेत विषुववृत्ताजवळच्या कायेनला गेला. पॅरिसला चोख चालणारं त्याचं लंबकाचं घड्याळ तिथे रोज सुमारे अडीच मिनिटं मागे पडायला लागलं. त्याने लंबक आखूड केला, मोजमाप नोंदवून ठेवलं आणि परत येऊन तसं सांगितलं. म्हणजे तिथे जी कमी होता! न्यूटनने आपल्या प्रिन्सिपियात, पृथ्वी ध्रुवांकडे चपटी आहे या युक्तिवादासाठी, हे निरीक्षण वापरलं. हाच रिशे आपल्याकडच्या एखाद्या प्रॅक्टिकलला असता तर त्याला सांगितलं असतं, "रीडिंग चुकलंय तुझं, शेजारच्याचं बघून घे."

आता बहिणीच्या मुद्द्याकडे येतो, कारण त्याला बगल देणं बरोबर नाही. एमएचटी-सीईटीला फिजिक्स आणि केमिस्ट्री मिळून १०० प्रश्न आणि ९० मिनिटं. प्रश्नाला एक मिनिटसुद्धा नाही. तिथे दोरा आणि नट घेऊन बसता येत नाही, सूत्र जिभेवरच लागतं. मान्य. शंभर टक्के मान्य. पाठांतराला मी नावं ठेवत नाही, पाढे पाठ नसलेल्या माणसाचं मला कौतुक नाही. पण होमवर्क म्हणजे परीक्षा नव्हे. चुकण्याची किंमत शून्य असलेली ती एकच जागा मुलांकडे उरली आहे. क्लासमध्ये टेस्ट, कॉलेजमध्ये टेस्ट, दर रविवारी अजून एक टेस्ट, आणि घरी होमवर्कलाही 'लवकर बरोबर उत्तर' हवं, तर मग पोराने चुकायचं कुठे? शिवाय वेळेचा हिशोबही तितकासा खरा नाही. डझनभर सूत्रं वेगवेगळी पाठ करून दर महिन्याला पुन्हा पुन्हा घोकायला लागणारे तास कुणी मोजत नाही, कारण ते अभ्यासात धरले जातात. पाऊण तास नट हलवणं मात्र टाइमपास.

आणि माझ्या पिढीच्या इंजिनियर मंडळींनो, तुम्हीही साळसूदपणे मान हलवू नका. आपल्या कपाटात एच. सी. वर्मांचं 'कन्सेप्ट्स ऑफ फिजिक्स' होतं. १९९२ साली आलेलं हे पुस्तक आपण देवासारखं पुजलं. त्यात प्रत्येक धड्यानंतर गणितांच्या आधी छोट्या उत्तरांचे प्रश्न आहेत, आकडे नसलेले, नुसता विचार करायला लावणारे. किती जणांनी ते सोडवले? आपण थेट गणितांवर उडी मारायचो, आणि त्याच गणितांच्या सोडवलेल्या उत्तरांच्या वह्या हॉस्टेलभर फिरायच्या. आज तेच आपण पोरांना 'मदत' करायला बसतो तेव्हा दोनपैकी एक करतो. एक तर उत्तर देऊन मोकळे होतो, नाहीतर आपल्याला अजून येतं हे दाखवायला चाळीस मिनिटं डिफरन्शियल इक्वेशन मांडत बसतो. दुसरा प्रकार पहिल्यापेक्षा वाईट. त्यात पोराचा वेळही जातो आणि धीरही.

खरं म्हणजे मदत कशी करायची हे आपल्याला येतं. रोज हापिसात करतो. ज्युनियर येऊन म्हणाला की 'सर, चालत नाहीये', तर आपण लगेच त्याचा कीबोर्ड ओढत नाही (निदान ओढू नये). आपण विचारतो: तू काय केलंस? काय व्हायला हवं होतं असं तुला वाटलं? आणि झालं काय? निम्म्या वेळा तिसऱ्या प्रश्नाच्या आधीच तो 'ओह' म्हणून जागेवर परत जातो. मग बारावीच्या पोराला हेच तीन प्रश्न विचारायला काय हरकत आहे? 'फॉर्म्युला कुठला' याला माझं उत्तर आता ठरलेलं आहे: आधी काय हलतंय ते सांग. त्याला परत कोण ओढतंय? आणि जड केलं, लांब केलं, जास्त ताणलं तर काय होईल असं तुला वाटतं? चुकीचं सांगितलं तरी चालेल, पण काहीतरी सांग. एआयकडेसुद्धा असं मागता येतं की उत्तर देऊ नकोस, मला प्रश्न विचार. पण तसं मागणारा पोरगा मला अजून भेटायचाय, कारण मदत म्हणजे उत्तर हे आपणच त्याला शिकवलंय.

बहीण अजून माझ्यावर थोडी नाराज आहे. टेस्टमध्ये भाचीला बरे मार्क पडले, पण ते नटमुळे पडले असा दावा मी करणार नाही, धडा तिने रात्री जागून केला. फक्त परवा तिचा मेसेज आला, होमवर्क नसताना. तिने नट पार वर, जवळपास ६० अंशांपर्यंत ओढून सोडला होता. २० फेऱ्यांना ४२ च्या वर सेकंद लागले. शून्यापासून मोजून, तीनदा. खाली लिहिलं होतं, "फॉर्म्युल्यात तर अँगल नाहीचे. मग?"

(तुम्हाला म्हणून सांगतो. टू पाय रूट एल बाय जी हे झोका लहान असतानाचं सूत्र आहे. ६० अंशांवर आवर्तकाल सात टक्क्यांनी जास्त भरतो, आणि २० फेऱ्या होईपर्यंत झोका लहान होत जातो म्हणून तिला त्याहून थोडा कमी फरक दिसला.) तिला मी अजून सांगितलेलं नाही. ३० अंशांवर आणि ४५ अंशांवर मोजून बघ, एवढंच कळवलंय.